मोटारीला दिलेलं वंगण

निखिल आणि रेवती, परवा तुमच्या आईने मला फोनवर सांगितलं की निखिल स्वतःची गाडी घेऊन कुठल्याशा शर्यतीच्या मैदानावर चालवायला जाणार आहे आणि त्यासाठी त्याने खर्चाचा तक्ता केला आहे. मी तो तक्ता मागवून घेतला. टायर, ब्रेकचे पॅड, ब्रेकचं तेल, मैदानाची फी, दोन रात्रींची खोली, जेवण, आणि शेवटी 'इतर'. तक्ता नीटनेटका आहे. बेरीज मी दोनदा करून पाहिली, बरोबर आली. खाली तू लिहिलं आहेस, निखिल, की आजीला यातलं काही कळणार नाही, पण तिला आकडे आवडतात म्हणून पाठवतो. तर बाळा, मला सगळं कळलं. असाच एक तक्ता मी बारा वर्षांची असताना हिंगोलीत माझ्या हाताने लिहिला होता. त्यातही ब्रेक होते, आणि शेवटी 'किरकोळ' होतं. ही हकीकत मी तुमच्या आईलाही पुरती सांगितलेली नाही, कारण तिच्यात माझं एक वागणं आहे जे मला अजून आवडत नाही. पण तू ब्रेकवर एवढा खर्च करतो आहेस आणि मी आता वयाच्या अशा टोकाला आले आहे की सांगायचं ते लिहूनच ठेवावं. म्हणून लिहिते.

आमचं घर हिंगोलीत कचेरीच्या वाटेवर होतं. सकाळच्या आगगाडीची शिट्टी झाली की आई दादांचं पान वाढायची. घरात घड्याळ होतं, पण तिचा विश्वास शिट्टीवर. दादा म्हणजे माझे वडील. ते वकिली करत. तेव्हा निजामाचं राज्य, कोर्टाचं कामकाज उर्दूत चाले, त्यामुळे ओसरीवर पक्षकार आले की दरखास्त, मुद्दत, इंतजाम असे शब्द उडत असायचे आणि स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज त्यांना ठेका द्यायचा. जेवण साधं असे. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, अंबाडीची भाजी, वर करडईच्या तेलाची धार. त्या तेलाचा वास मला अजून कुठे आला तर मी क्षणभर थांबते. घरात आईशिवाय दादांची थोरली बहीण होती, तिला सगळे आक्का म्हणत. तिचं सासर हट्ट्याचं. यजमान गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली आणि आल्या दिवसापासून घराचा निम्मा कारभार तिच्या तोंडी हुकमांवर चालू लागला. आणि होता नानाकाका, दादांचा धाकटा भाऊ. वकिलीची परीक्षा द्यायला दादांनी त्याला दोनदा हैदराबादला पाठवलं, दोन्ही वेळा तो नापास होऊन आला, पण दुसऱ्या वेळी मोटार चालवायला शिकून आला. माझी धाकटी भावंडं या हकीकतीत कुठे येत नाहीत, म्हणून त्यांना बाजूला ठेवते.

मोटार रेल्वेच्या एका ठेकेदाराची. हिंगोली सोडून जाताना त्याने ती दादांना स्वस्तात दिली. हिरव्या रंगाची, उघडी, वर कापडी टप असलेली. तिच्याबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं, जाडजूड, चित्रांसकट, आणि माझ्या इंग्रजीचा पाया त्या पुस्तकात आहे. निवृत्त मास्तर घरी येऊन मला शिकवत असत, पण ते पाठ्यपुस्तकापुढे जात नसत. नानाकाका मोटारीखाली आडवा पडलेला असायचा, हात काळे, त्यामुळे पान उलटायला आणि मोठ्याने वाचायला मी. फुलाच्या पाकळीला, पुंकेसराला इंग्रजीत काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं. मोटारीच्या पोटातल्या प्रत्येक वस्तूचं नाव ठाऊक होतं.

मोटारीचं तिसरं माणूस म्हणजे म्हादबा. तो आमची दमणी हाकायचा. दमणी म्हणजे माणसांना बसायची हलकी बैलगाडी. वीस वर्षं त्याने दादांना खेडोपाडी कज्ज्यांच्या कामाला नेलं होतं. मोटार आल्यावर तो रुसेल असं सगळ्यांना वाटलं होतं. तो रुसला नाही. दोन दिवस लांबून बघत राहिला, तिसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने तिला पुसायला लागला आणि तिला 'ती' म्हणायला लागला, जशी एखादी लग्न होऊन आलेली पोर असावी.

तर दादांचे एक जहागीरदार पक्षकार होते, त्यांचं त्या वर्षी होळीनंतर नानाकाकाला बोलावणं आलं. हैदराबादबाहेर त्यांचं घोडे पळवायचं स्वतःचं मैदान होतं. त्यावर त्यांनी मोटारवाल्यांना बोलावलं होतं. ज्याने त्याने आपली गाडी आणावी आणि मैदानाला फेऱ्या माराव्यात. नानाकाकाने ते पत्र दिवसभर खिशात ठेवलं आणि संध्याकाळी दादांसमोर काढलं. दादांना तोंडी काही चालत नसे. त्यांनी सांगितलं, रीतसर दरखास्त कर, सोबत अंदाजपत्रक जोड. नानाकाकाचं अक्षर वाईट, म्हणून ती दरखास्त आणि ते अंदाजपत्रक मी लिहिलं. पेट्रोल, तेल, ट्यूब, ठिगळं, ब्रेकचे नवे पट्टे, नांदेडचा मुक्काम, दोन माणसांचं खाणं, किरकोळ. आकडे निजामाच्या हाली रुपयांत होते, ते आता तुम्हाला काही सांगणार नाहीत.

दादांनी ते कागद दोन दिवस ठेवून घेतले. त्याच सुमारास आई त्यांच्या मागे लागली होती की मला हैदराबादच्या मुलींच्या इंग्रजी शाळेत घालावं. माझी मावशी तिथे राहायची, तिच्याकडे मी राहिले असते. शाळेची प्रवेश परीक्षा जहागीरदारांच्या तारखेच्या आदल्या दिवशी होती. आक्काचा कडाडून विरोध. "पोरीला शिकवून काय मुन्सफ करायचंय?" हे तिने मला समोर बसवून विचारलं, जसं काही उत्तर मीच द्यायचं होतं. पुढल्या वर्षी स्थळं बघायला लागायचं हे तिने मनाशी ठरवलेलं होतं आणि आईलाही ते माहीत होतं. शेवटी दादांनी निकाल दिला तो असा. मोटार जाईल, पण ती सुशीच्या, म्हणजे माझ्या, परीक्षेसाठी जाईल. शर्यत तिथे पोहोचल्यावर. मोटार वेळेत निघाली नाही तर दोन्ही गोष्टी रद्द, कारण मला आगगाडीने न्यायला दुसरं कोणी मोकळं नाही, आणि हा विषय घरात पुन्हा निघणार नाही. नानाकाकाला माझ्या परीक्षेशिवाय शर्यत नव्हती, मला त्याच्या मोटारीशिवाय शाळा नव्हती. त्या दिवसापासून मी त्या मोटारीकडे जितक्या काळजीने पाहिलं तितकं पुढे कुठल्याच वस्तूकडे पाहिलेलं नाही.

तयारी पंधरा दिवस चालली. नानाकाकाचं म्हणणं, मैदानावर वजन हाच शत्रू. त्याने टप उतरवला, मागचा लोखंडी कॅरियर काढला, मडगार्ड काढायला निघाला तेव्हा आईने अडवलं. मग त्याने सगळ्या सामानाचं वजन करायचं काढलं. आमच्या शेजारी हळदीची अडत होती, तिथला मोठा काटा त्याने दुपारपुरता मागून घेतला. पेट्रोलचे डबे तोलले, बिछाने तोलले, मला तोललं, म्हादबाला तोललं. म्हादबा पारड्यात हात जोडून बसला होता. आक्काची पाळी आली तेव्हा ती ओसरीवरून हलेना. बरोबर कोणीतरी बाईमाणूस हवं म्हणून आक्का येणार होती. शाळेला तिचा विरोध होता, हैदराबाद बघण्याला नव्हता.

"माणसाला तोलायचं ते नवसाला," ती म्हणाली. "तोलायचंच असंल तर गुळानं तोल आणि गूळ गल्लीत वाट."

नानाकाकाने तिचं वजन अंदाजाने लिहिलं. तो अंदाज तिने माझ्याकडून वाचून घेतला आणि निघेपर्यंत त्याच्याशी बोलली नाही.

आता ब्रेकचं. आमच्या मोटारीला ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना होते. चाकाच्या आत पोलादी ड्रम आणि त्याच्या आत घासून चाक थांबवणारे जाड पट्टे. जुने पट्टे पार झिजले होते. नवे टपालाने मागवले, ते यायला आठवडा गेला. नानाकाकाने आणि म्हादबाने मिळून ते बसवले. मी वाचत होते, तो बसवत होता, म्हादबा धरत होता. त्या पानावर ठळक अक्षरांत होतं की पट्ट्यांना तेलाचा थेंबही लागू देऊ नये. मी ते वाचलं, नानाकाका हूं म्हणाला. म्हादबाला इंग्रजी कुठलं कळायला आणि मला त्याचा मराठी अर्थ त्याला सांगायचं सुचलं नाही.

नवे पट्टे किंचाळायला लागले. ब्रेक दाबला की असा आवाज निघायचा की गल्लीतली कुत्री उठून बसत. दुसऱ्या दिवशी कचेरीतला चपराशी विचारायला आला की वकीलसाहेबांच्या घरी कोणाला मारहाण चालली आहे काय. पुस्तकात होतं की नवे पट्टे काही दिवस आवाज करतात, मग बसतात. नानाकाका निश्चिंत होता. म्हादबाला मात्र तो आवाज सोसवेना. बैलगाडीचं चाक कुरकुरलं तर तो वाटेत थांबून वंगण घालायचा. कुरकुरणाऱ्या गाडीत माणसं बसवणं म्हणजे तहानलेल्या बैलाला जुंपणं, असं त्याचं मत. लांबच्या वाटेला निघण्यापूर्वी तर चाकं काढून आसाला वंगण दिल्याशिवाय त्याने दमणी कधी अंगणाबाहेर काढली नव्हती. एरंडेलात काजळी खलून केलेलं ते वंगण बांबूच्या नळकांड्यात भरून गाडीखाली टांगलेलं असे. "काहून अशी रडून राहिली ती?" तो मला विचारायचा. मी म्हणायचे, बसतील पट्टे. त्याला ते पटत नसे.

निघण्याच्या आदल्या दिवशी दुपारी नानाकाका पेट्रोलचे डबे आणायला स्टेशनवर गेला होता. मी परसात गेले तर म्हादबा मोटारीचं मागचं चाक परत चढवत होता. दुसऱ्या बाजूचं चढवून झालं होतं. त्याचे हात कोपरापर्यंत काळे होते आणि शेजारी ते नळकांडं रिकामं पडलेलं होतं.

"आता न्हाई रडायची ती," तो म्हणाला. त्याचं तोंड आनंदाने फुललेलं होतं. "चांगलं भरपूर दिलंय, आत हात घालून. पर नानाला सांगू नको, माय. त्याला वाटू दे, आपसूक गप झाली."

मला त्याच क्षणी कळलं. अर्थ कळायला वेळ लागला, असं मी आजवर स्वतःला सांगत आले, पण ते खरं नाही. ते पान मी वाचलं होतं. तेल लागलेले पट्टे बदलावेत, असंही पुढे होतं. नवे पट्टे यायला आठवडा लागणार आणि परीक्षा तीन दिवसांवर. मी सांगितलं तर मोटार निघणार नाही, मोटार निघाली नाही तर शाळा नाही, आणि शाळा नाही तर पुढल्या वर्षी आक्काची स्थळं. हा हिशोब माझ्या मनात इतक्या लवकर झाला की मला त्याचीच भीती वाटली. मी म्हादबाला म्हटलं, नाही सांगत.

संध्याकाळी नानाकाकाने मोटार कचेरीपर्यंत नेऊन आणली. आवाज नाही. थंड वंगण घट्ट असतं, त्यामुळे ब्रेक थोडे उशिरा का होईना लागत होते. "बसले पट्टे, म्हादबा," तो म्हणाला. म्हादबाने माझ्याकडे पाहून हळूच हसून मान खाली घातली. मीही हसले. ते माझं हसणं मला नको तेव्हा आठवतं.

सकाळी आईने मोटारीच्या नाकाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि आक्काच्या मांडीवर धपाट्यांचा डबा आणि दाण्याच्या चटणीची बरणी दिली. दादा पायरीवर उभे होते. त्यांनी मला पेन दिलं आणि खर्च रोजचा रोज लिही म्हणाले. पुढे नानाकाका आणि म्हादबा, मागे आक्का आणि मी. कळमनुरीत बाजार भरलेला होता. गर्दीत नानाकाकाने ब्रेक दाबला, मोटार जिथे थांबायची तिथून चार हात पुढे जाऊन थांबली आणि मिरच्यांचा ढीग लावून बसलेल्या एका बाईने त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. नानाकाका हसत होता. मी मनात म्हटलं, थांबते, उशिरा थांबते पण थांबते. पुढे सडक सरळ आहे, मी स्वतःला सांगितलं. नांदेडला पोहोचलो की सांगेन. मी त्या सडकेने कधी गेले नव्हते.

कळमनुरीच्या पुढे काही मैलांवर एक ओढा होता. सडक एकदम खाली उतरायची, दोन्ही बाजूंना मातीच्या दरडी, खाली पाण्यातून दगडी फरशी, आणि पुन्हा चढ. आम्ही उतारावर आलो तेव्हा खालून एक बैलगाडी वर येत होती, हळदीच्या पाल्याने अशी लादलेली की दोन्ही दरडींना टेकत होती. नानाकाकाने ब्रेक दाबला. कळमनुरीपासून घासून घासून वंगण आता पातळ झालं होतं. मोटार थांबेना. त्याने हाताचा ब्रेक ओढला. तो त्याच पट्ट्यांवर होता. त्याने खालचा गिअर टाकायला घेतला, तो पडेना. म्हादबाने दोन्ही हात पुढे करून कासरा खेचावा तसे छातीशी ओढले आणि मोटारीला तो "हो, हो, माय, हो" म्हणत होता. आक्काने माझं डोकं आपल्या मांडीत दाबलं. मी काहीच पाहिलं नाही. दरड जिथे खचली होती तिथून नानाकाकाने मोटार डावीकडे घातली, एवढं नंतर कळलं. काट्यांचं कुंपण फाटल्याचा आवाज झाला, मग मऊ काहीतरी, मग सगळं थांबलं.

आम्ही हळद खणलेल्या शेतात होतो आणि मोटार हळदीच्या वाळल्या पाल्याच्या गंजीत निम्मी घुसली होती. नानाकाकाचा ओठ फाटला होता, आक्काच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं, धपाटे सगळीकडे. दुसरं काही नाही. झाडाखाली हळद शिजवत होते ती माणसं धावत आली, एक म्हातारा, त्याची बायको, दोन मुलगे. मोटार कोणाची, गंजीचं काय, हे काही म्हातारीने विचारलं नाही. "लेकराला लागलं का?" तिने विचारलं, आणि गुळाचा खडा आणि पाणी आणून मला दिलं. तो खडा मी मुठीत धरून ठेवला.

नानाकाकाने चाक काढलं. ड्रम उघडला. आतून काळं वंगण ओघळलं. त्याने ते बोटावर घेऊन हुंगलं आणि विचारलं, हे कोणी केलं.

"म्या केलं," म्हादबा म्हणाला. "रडून राहिली होती."

नानाकाका म्हादबाला अहोजाहो करत असे. म्हादबाच्याच अंगाखांद्यावर तो वाढला होता. त्या दिवशी त्याने पहिल्यांदा त्याला एकेरी हाक मारली. "तू आज चार माणसं मारली असतीस. त्या गाडीवाल्याला धरून पाच. हिंगोलीकडं जाणारी गाडी दिसली की तिच्यात बस आणि घरी जा. माझ्या मोटारीला परत हात लावायचा नाही."

"व्हय," म्हादबा म्हणाला. त्याने पडलेलं मुंडासं उचललं, झटकलं आणि सडकेकडे चालायला लागला. माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर मी त्यात अडकले असते, हे त्याला ठाऊक होतं. मी गप्प राहिले असते तर कोणालाच काही कळलं नसतं. मुलांनो, मी इथे खरं लिहायला बसले आहे, म्हणून लिहिते, की तेव्हाही मी आधी तोच विचार केला. म्हादबा कुंपणापाशी पोहोचेपर्यंत केला. मग मला त्याची पाठ दिसली, तिच्यावर पाला चिकटलेला होता, आणि मी बोलले.

"नानाकाका, मला माहीत होतं. काल दुपारी मी पाहिलं. पुस्तकात काय आहे तेही मला माहीत होतं."

"मग बोलली काहून नाहीस?"

"बोलले असते तर मोटार निघाली नसती."

नानाकाकाने ड्रमकडे तोंड फिरवलं. आक्का म्हणाली. कपाळावर ओला पदर धरून ती बांधावर बसली होती आणि तिचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "आणि आमी मेलो असतो तर तू कुठल्या शाळेत गेली असतीस, सुशे?" मग म्हणाली, "बसलीस काय? पळ. बोलावून आण त्याला."

मी सडकेवर म्हादबाला गाठलं. सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "काहून सांगितलंस, माय? एकानं बोलणी खाल्ली असती, भागलं असतं." मी त्याचा हात धरला तो सोडला नाही. तो आला, पण नानाकाकाकडे गेला नाही. चुलांगणापाशी जाऊन उभा राहिला. जमिनीत खणलेल्या लांब चुलीवर माणूस बसेल एवढी लोखंडी कढई होती, हळद रटरटत होती, आणि वाफेला मातीचा नि आल्यासारखा वास होता. कढईकडे बघत, कोणालाच उद्देशून नाही अशा आवाजात तो बोलला.

"आसावरचं जुनं वंगण आमी कसं काढतो? राखंच्या पाण्यात उकळतो अन् इस्तवावर धरतो. तेल सगळं जळून जातं."

नानाकाका म्हणाला, पट्टे जळतील. मी मोटारीतून पुस्तक आणलं. ते पान सापडलं. पट्टे कशाचे विणलेले असतात ते त्यात दिलं होतं. खनिजाच्या धाग्याचे, आग सोसणारे. मी ते इंग्रजीत वाचलं आणि या वेळी म्हादबाकडे तोंड करून मराठीत सांगितलं. नानाकाकाने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि दुसरं चाक काढायला बसला.

दुपार तिथेच गेली. म्हाताऱ्याने कढईतली हळद उपसून घेतली, नवं पाणी आणि राख घालून दिली. त्यात पट्टे उकळले, मग पेट्रोलने धुतले. ते दूर बांधावर उन्हात पुरे वाळू दिले आणि मग निखाऱ्यांवर लोखंडी पत्र्यावर ठेवले. एरंडेल जळण्याचा धूर निघाला तो कमी होत होत थांबला. म्हादबा चिमट्याने एकेक पट्टा उलटत होता, आई भाकरी उलटते तसा. नानाकाका त्याच्या शेजारी उकिडवा बसला आणि काही वेळाने त्याला म्हणाला, "तुम्ही सरका, धूर डोळ्यांत जातोय तुमच्या." एवढंच. म्हातारीने आम्हाला भाकरी आणि पिठलं दिलं. आक्का परक्याच्या हातचं खात नसे. त्या दिवशी तिने खाल्लं आणि दुसरी भाकरी मागून घेतली. गंजीचं नुकसान भरून द्यायची गोष्ट नानाकाकाने काढली तेव्हा म्हातारा म्हणाला, "पाला हाय, सोनं न्हाई." पण मोटारीत एकदा बसायचं होतं त्याला. बैल लावून मोटार सडकेवर काढली, म्हाताऱ्याला पुढे बसवलं, आणि त्याच उतारावर नानाकाकाने ब्रेक दाबले. मोटार अशी किंचाळली की ओढ्यातले बगळे उडाले. बांधावर म्हादबाने दोन्ही कानांवर हात ठेवले होते आणि तो हसत होता.

परीक्षेला मी वेळेवर पोहोचले. परीक्षा काही फार चांगली गेली नाही. मडमबाईंनी मला फुलाचे भाग विचारले, ते मला येईनात. मग त्यांनी म्हटलं, तुला माहीत असलेल्या कोणत्याही उपयोगी वस्तूबद्दल बोल. मी ब्रेकबद्दल बोलले. त्यांनी मला मध्येच थांबवलं नाही, पण एक इयत्ता खाली घेतलं. दुसऱ्या दिवशी मैदानावर नानाकाका शेवटून दुसरा आला. जो शेवटी होता त्याचं इंजिन बंद पडलं होतं. म्हादबा शेजारी मुंडाशाचा शेव दातांत धरून बसला होता, आणि प्रत्येक वळणावर आमची मोटार किंचाळायची तेव्हा जहागीरदारांच्या मंडपातली माणसं उठून उभी राहायची. नानाकाका त्या दिवसाइतका आनंदात मला पुन्हा कधी दिसला नाही, पुढे वकिलीची परीक्षा पास झाला तेव्हाही नाही.

घरी आल्यावर मी दादांना खर्चाची वही दिली. नानाकाकाने सुचवलं होतं की धुवायला लागलेलं पेट्रोल किरकोळमध्ये घाल. मी वेगळं लिहिलं, आणि पुढे कारण लिहिलं, की हे माझ्या न बोलण्यामुळे लागलं. दादांनी ते वाचलं. हे कोणी लिहायला सांगितलं, असं त्यांनी विचारलं. कोणी नाही, मी म्हटलं. वही मिटून ते बराच वेळ बोटांनी तिच्यावर ताल धरत होते आणि मी उभी होते. माझी शाळा त्या बोटांखाली होती.

"शाळा जूनमध्ये आहे," ते म्हणाले. "तोपर्यंत म्हादबाच्या बैलांना दोन वेळा पाणी तू पाजायचं."

मी पाजलं. विहिरीचा रहाट जड होता, हातांना फोड आले, आणि म्हादबा रोज काहीतरी निमित्त काढून अर्धं पाणी स्वतः ओढायचा. एका रविवारी दादा त्याच्याबरोबर दमणीतून त्या म्हाताऱ्याच्या शेतावर गेले, कुंपणाला आणि गंजीला काय लागलं ते देऊन आले. म्हाताऱ्याने पैसे घेतले, पण दमणीत हळदीचं एक पोतं टाकलं. जूनमध्ये मी हैदराबादला गेले. तिथून पुढे जे जे झालं, कॉलेज, नोकरी, तुमचे आजोबा, ते तुम्हाला माहीत आहे.

मोटार पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत कोणीतरी नेली, ती परत मिळाली नाही. पुस्तक तिच्यातच गेलं. म्हादबा मी बी.ए. झाले त्या वर्षी गेला, नानाकाका आणि आक्का त्यानंतर. ओढ्यावर आता पूल आहे, उतार राहिलेला नाही. त्या म्हाताऱ्याचा पणतू तिथे हळद लावतो, आता वाफेच्या यंत्रावर शिजवतो, आणि दर वर्षी उन्हाळ्यात हिंगोलीला आमच्या घरी पाच शेर हळद आणून देतो. पैसे घेत नाही. त्यातली निम्मी मी तुमच्या आईला पाठवते. तुमच्या स्वयंपाकघरात आज आहे ती हळद त्या शेतातली आहे.